आवाहनात हप्त्याचा महिनाही लिहा

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात एक वहिनी शेवयांचे मशीन चालवतात. गेल्या वर्षी त्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेकडून, लोकांकडे त्यांच्यासाठी ऑनलाइन बिनव्याजी पैसे मागणारे आवाहन निघाले. त्यात त्यांचा फोटो, तीन एकर कोरडवाहू शेती, दोन मुली आणि 'मशीन घेण्यासाठी मदत करा' अशी ओळ होती. मी ते वाचून दाखवले तेव्हा पिठाने भरलेले हात तसेच धरून त्या म्हणाल्या, "भाऊ, मशीन तं होळीच्या आधीच आली न! मंग हे पैसे कायचे मांगून राह्यले?"

आधी कर्ज वाटायचे आणि मग लोकांकडे पैसे मागायचे, ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेल्या किवा या संकेतस्थळावर कोणालाही गरजूंना २५ डॉलरइतके छोटे कर्जही देता येते. परंतु बहुतेक कर्जे स्थानिक संस्थेने आधीच वाटलेली असतात आणि लोकांचा पैसा ती रक्कम भरून काढतो, हे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रूडमन यांनी २००९ मध्येच दाखवले होते. यात गैर काही नाही, कारण पैसे जमेपर्यंत मृग थांबत नाही. मात्र मग तसे स्पष्ट लिहावे. देणाऱ्याला व्याज मिळत नसले तरी स्थानिक संस्था कर्जदाराकडून ते घेते, आणि आपल्याकडे सूक्ष्म कर्जाचा दर २० टक्क्यांच्या वर असणे नेहमीचेच आहे, हेही लिहावे.

मला अधिक खटकते ते वेगळेच. शेवया, कुरडया, सरगुंडे यांचा धंदा होळीपासून मृगापर्यंतचा. नंतर मशीन पोत्याखाली झाकलेले असते. हप्ता मात्र दर आठवड्याला. श्रावणात वहिनींनी तो निंदणाच्या मजुरीतून भरला, पोळ्यानंतर बहिणीकडून उसने घेऊन. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत. हा नियम चांगला आहे, पण वर्षाची कमाई बारा महिन्यांवर सारखी वाटली की भाद्रपदातली चणचण कागदावरून पुसली जाते.

जो माणूस बिनव्याजी पैसे देतो, तो चार महिने थांबायलाही तयार होईल, असा माझा विश्वास आहे. त्याच्याकडे आपण फक्त कणव मागतो, थांबण्याची तयारी कधी मागतच नाही.

या वेळी वहिनींनी मजकूर स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला: मशीन घेतलेले आहे, कर्ज चालू आहे, मार्च ते जून दुप्पट हप्ता घ्यावा, जुलै ते ऑक्टोबर घेऊ नये. तो कागद मी संस्थेच्या माणसाकडे दिला आहे.