पॅप तपासणीने कर्करोग पसरत नाही

नाशिकमधील महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘पॅप तपासणीत गर्भाशयाचा तुकडा कापतात, त्यातून कर्करोग पसरतो’ असा संदेश फिरतो आहे. तो साफ खोटा आहे. पॅप तपासणी म्हणजे गर्भाशयमुखाच्या (गर्भाशयाच्या खालच्या टोकाच्या) पेशींत कर्करोगाची किंवा त्याआधीच्या बदलांची चिन्हे शोधणे. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी 1928 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गर्भाशयमुखावरच्या पेशी लाकडी पट्टीने किंवा ब्रशने फक्त खरवडतात. नंतर थेंबभर रक्त दिसले तरी घाबरू नये. नमुना बिघडतो तो पाळीच्या रक्ताने, आदल्या 2 दिवसांतल्या शरीरसंबंधांनी, योनीत ठेवलेल्या औषधाने. नमुना पसरलेली काचपट्टी लगेच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी वाळतात, त्यांचे केंद्रक (पेशीचा गाभा) नीट दिसत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. संबंधांनंतर रक्त जात असेल, तर मात्र जुना अहवाल चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवाच.