विनोदात मारामारी नको म्हणणाऱ्यांनो, गुंड्याभाऊ आठवतो का?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. शहापूरच्या आमच्या गल्लीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा, खानापूरच्या पाव्हण्यांचा, आणि चौथ्यात मला कुणी घातलंय ते अजून कळलेलं नाही. मजकुराचं म्हणणं असं की टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिका उकरून त्यांचे ॲक्शनपट काढणं बंद करा. कारणं पाच दिलीत. विनोद आणि मारामारी एका ताटात बसत नाहीत. असला एकही पिक्चर चाललेला नाही. मूळ नटांचा अपमान होतो. हे सगळं हॉलिवूडचं खूळ, आपल्यात असलं काही नव्हतं. आणि नव्या पिक्चरमुळं जुनी मालिका लोकांच्या मनातून पुसली जाते. खाली पुरावा म्हणून 'गेट स्मार्ट'चं पोस्टर चिकटवलंय.

मी बरीच वर्षं शहापुरात केबलचा धंदा केला. रात्री केबलच्या लोकल चॅनेलवर कुठला पिक्चर लावायचा हे मीच ठरवायचो, आणि शिव्याही मीच खायचो. त्यामुळं दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिला मुद्दा. ज्याचं पोस्टर लावलंय ती मालिका तरी बघायची होती. 'गेट स्मार्ट' अमेरिकेत १९६५ साली सुरू झाली, १९७० पर्यंत चालली. लिहिणारे मेल ब्रुक्स आणि बक हेन्री. बाँडपटांची लाट जोरात होती आणि हिची जन्मापासूनची गंमत त्यांची टर उडवण्यात होती. पिस्तुलं, बाँब, गुप्त दारं, बुटाच्या तळव्यात बसवलेला टेलिफोन, सगळं पहिल्यापासून त्यात आहे. मारामारी वजा केली तर त्यातल्या वेंधळ्या गुप्तहेराकडं, मॅक्सवेल स्मार्टकडं, उरतं काय? कोट आणि बूट.

त्यातला एक प्रकार सांगतो. गुप्त बोलायचं असलं की मॅक्स आणि त्याचा साहेब यांच्या डोक्यावर वरून एक पारदर्शक घुमट उतरतो. हेतू हा की आतलं बाहेर जाऊ नये. होतं असं की आतल्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही, दोघं बोंबलत बसतात. आमच्या वडगावात मागाच्या घरी कुणी जाऊन आलं असेल त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चार पॉवरलूम खडखडत असताना नवरा-बायको उधारीवर बोलत असतात, एकमेकांना काही कळत नाही आणि तो आवाज पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जातो.

आता २००८ चा पिक्चर. स्टीव्ह करेल मॅक्स झालाय. विमानाच्या संडासात हात बांधलेले असताना तो खिशातल्या चाकूतल्या चिमुकल्या धनुष्यानं दोरी तोडायला जातो आणि प्रत्येक बाण स्वतःलाच टोचून घेतो. हे विनोदात घालायचं की ॲक्शनमध्ये? त्याहून सरस जागा पुढं आहे. खलनायकाचा हस्तक म्हणून आपला खली उभा केलाय, दलीप सिंग, डोंगराएवढा. कुस्तीच्या मुलखातले आपण, या जोडीत काय होणार हे न बघताच सांगू. पण मॅक्सनं वर्षानुवर्षं कचेरीत बसून शत्रूचं चोरून टेप केलेलं बोलणं ऐकलेलं असतं. मार खाता खाता तो खलीच्या बायकोचा विषय काढतो. घरात काय बिनसलंय, ती का रुसलीय, हे त्याला पाठ असतं. त्या राक्षसाचा चेहरा पडतो, हात ढिला होतो. पुढं हाच गडी मॅक्सच्या उपयोगी पडतो.

मला जे म्हणायचंय ते या एका प्रसंगात आहे. पात्राची खोड जागेवर असली तर आजूबाजूला गाड्या उडोत नाहीतर इमारती पडोत, माणूस हसतो. खोड काढून घेतली तर दिवाणखान्यात सोफ्यावर बसवलं तरी हसत नाही.

दुसरा मुद्दा, 'एकही चालला नाही'. ज्याचं पोस्टर लावलंय त्याच पिक्चरनं जगभरात सुमारे २३ कोटी डॉलर मिळवले, खर्च आठ कोटींच्या आसपास. विषय संपला.

तसा तो संपत नाही, कारण मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूनं एक भक्कम उदाहरण आहे आणि त्याला ते सापडलेलं नाही. मीच देतो. 'मॅकहेल्स नेव्ही'. साठच्या दशकातली मालिका, दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या एका बेटावर पडलेलं बोटीवरचं टोळकं. पत्ते कुटायचे, दोन नंबरचे धंदे करायचे, वरच्या साहेबाला चकवायचं, आणि हे सगळं युद्ध चालू असताना. १९९७ साली त्याचा पिक्चर आला. महायुद्ध गेलं, त्या जागी दहशतवादी आले, बाँब आले. साफ आपटला. मला विचाराल तर बाँबांमुळं आपटला नाही. एवढं मोठं युद्ध पेटलेलं आणि ही मंडळी कामचुकारपणा करतायत, ही मूळची गंमत होती. युद्धच काढून टाकल्यावर कामचुकारपणा कशापासून करणार?

याच पिक्चरमुळं तिसऱ्या मुद्द्यालाही उत्तर मिळतं. मालिकेतला मूळ मॅकहेल, अर्नेस्ट बोर्गनाइन, या पिक्चरमध्येही होता. म्हणजे जुना नट मानानं आणून बसवला म्हणून पिक्चर तरत नाही. 'गेट स्मार्ट'चं म्हणाल तर मालिकेतला मूळ मॅक्स, डॉन ॲडम्स, यानं स्वतःच १९८० साली मॅक्स म्हणून मोठ्या पडद्यावर काम केलं होतं, १९८९ साली टीव्हीपटातही. तो गेला २००५ साली. नव्या पिक्चरमध्ये जुन्या मालिकेत झीगफ्रीड हा खलनायक झालेला बर्नी कोपेल एका प्रसंगात दिसतो. यात अपमान कुणाचा झाला?

चौथा मुद्दा वाचून मात्र मी हातातला चहा खाली ठेवला. आपल्यात असलं नव्हतं? चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातून निघाले ते १९४० साली 'लग्न पहावे करून'मध्ये पडद्यावर आले. मास्टर विनायकांचा पिक्चर, दामुअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. मग सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, आणि १९७९ साली पुन्हा पिक्चर. आता सांगा, चिमणराव हा भित्रा कारकुंडा आणि शेजारी धिप्पाड, दांडगट गुंड्याभाऊ, ही जोडी कशासाठी जमवली होती? एकानं गोंधळ घालायचा, दुसऱ्यानं बाह्या सारायच्या. मारामारीची सोय मराठी विनोदात फार आधीच करून ठेवलेली आहे, फक्त तेव्हा तिला ॲक्शन म्हणत नव्हते.

अलीकडचं हवं असेल तर 'खिचडी' घ्या. २००२ साली सुरू झालेली हिंदी मालिका, आणि २०२३ च्या दुसऱ्या पिक्चरमध्ये तेच पारेख कुटुंब गुप्त मोहिमेवर परक्या देशात पाठवलंय. हंसा आणि प्रफुल्ल तिथंही तेवढेच मठ्ठ आहेत. हेर होऊन ते हुशार झाले असते तर मीसुद्धा हा मजकूर पुढं पाठवला असता.

पाचवा मुद्दा, जुनी मालिका पुसली जाते. माझा अनुभव उलट. एका शनिवारी रात्री लोकलवर नवा पिक्चर लावला की रविवारी दुपारी एखादी आजी फोन करायची, 'त्यातलं जुनं असंल तर लाव की रे, आमच्या वेळचं.' नव्याच्या निमित्तानं जुन्याची आठवण निघायची. पोस्टरवाल्या पिक्चरमध्येही मॅक्स ऐन वेळी संग्रहालयात शिरतो, काचेआडचा जुना कोट, बुटाचा फोन आणि लाल गाडी काढून निघतो. पुसायचं असतं तर काच कशाला फोडली असती!

हे सगळं मी काल रात्री गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, खलीच्या प्रसंगाची क्लिप जोडून. मूळ मजकूर पाठवणारे काका सकाळी सात वाजता बोलले. एकच ओळ.

'हा खली तोच काय रे, कुस्तीतला? बायकोला एवढा भितोय व्हय?'