श्वास अडकून निळं पडणारं मूल नाटक करत नसतं

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: हट्ट करताना मूल श्वास कोंडून निळं पडतं ते नाटक, तोंडावर गार पाणी मारा, कांदा हुंगवा, हातपाय ताठ झाले तर ती फिटच, मेंदूला इजा होऊ नये म्हणून मुलाला रडूच देऊ नका, आणि ताकद यावी म्हणून धारोष्ण दूध वाढवा. यातलं एकही वाक्य पाळण्यासारखं नाही.

आधी नाटकाचं. रंकाळ्यावर फुगेवाल्यासमोरून दीड वर्षाच्या पोरीला ओढून नेलं की ती किंचाळते. छातीतली सगळी हवा बाहेर जाते, तोंड उघडंच राहतं, पण आवाज नाही. ओठांभोवती निळं चढतं, मान मागे जाते, कधी अंग सैल पडतं. मग एकदम मोठा श्वास घेते आणि रंग परत येतो. बहुतेक वेळा हे सगळं मिनिटाच्या आत संपतं. श्वास ती धरून ठेवत नाही. सोडलेला श्वास परत आत घेणंच त्या क्षणी तिच्या हातात नसतं. काही मुलं तर फारशी रडतही नाहीत. डोकं आपटलं, दचकली, की पांढरीफटक पडतात, कारण हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात. हे कुणी ठरवून करू शकेल का? अनेक घरांत आई किंवा वडिलांनाही लहानपणी असंच व्हायचं, आजीला विचारून बघा. अशा वेळी ‘सोंग करतंय’ म्हणत पोराच्या पाठीत धपाटा घालतात, ते बघवत नाही.

पाणी, कांदा, चप्पल यांतल्या कशाचीही गरज नाही. मुलाला खाली, कुशीवर झोपवा, आजूबाजूचं टोकदार काही बाजूला करा, तोंडात घास असेल आणि सहज निघत असेल तर काढा. गदागदा हलवू नका, दातखीळ उघडायला बोटं किंवा चमचा घालू नका.

फिटबद्दल क्रम बघायचा. इथं आधी रडणं, दुखणं किंवा भीती, मग रंग बदलणं, आणि शेवटी फार तर थोडं ताठणं, हातापायांना एखाद-दोन हिसके. फिट बहुधा अशा कारणाशिवाय, कधी झोपेतही येते. घरात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

‘रडूच देऊ नका’ हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो. श्वास अडकण्याच्या या झटक्यांनी मेंदूला इजा होत नाही. साधारण सहा महिन्यांनंतर हे सुरू होतं आणि ५-६ वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण निळं पडायच्या भीतीनं प्रत्येक मागणी पुरवली, तर झटका नाही, हट्ट मात्र वाढतो. भूक आणि झोप सांभाळा, रडं चढायच्या आत लक्ष दुसरीकडे वळवा. एकदा ‘नाही’ म्हटलं की झटका येऊन गेल्यावरही ते ‘नाही’च राहू दे. शुद्धीवर आल्यावर जवळ घ्या, पण हातात फुगा देऊ नका.

आता दूध. धारोष्ण दूध मिळणाऱ्या गंगावेशीच्या दूध कट्ट्याचा आपल्याला अभिमान आहे, तो असू दे. पण लहान मुलाला न तापवलेलं दूध देऊ नये, आणि दिवसभर दुधावरच ठेवलं तर पोट भरतं, जेवण सुटतं आणि रक्तातलं लोह घटतं. दुधात लोह नगण्य असतं. आणि लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे झटके जास्त दिसतात. ती भरून काढल्यावर पुष्कळ मुलांचे कमी होतात. म्हणजे मेसेजचा उपाय नेमका उलटा आहे. एक वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध पुरे. बाकी अंडं, मटण, डाळी, पालेभाजीवर लिंबू पिळून. लोहाचं औषध मात्र तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच; जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

पहिला झटका आला की बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, रडण्या-दुखण्याशिवाय किंवा पळता-खेळताना झटका येत असेल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर उशीर नको. हृदयाचा ईसीजी काढावा लागतो. आणि मिनिटभरात श्वास परत आला नाही, तर थेट १०८.