मित्रोपा कप: युरोपियन कपाच्या २८ वर्षे आधी

‘युरोपातली फुटबॉल क्लबांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने १९५५ मध्ये सुरू केलेला युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग). घरी आणि परगावी अशा दोन लढतींची पद्धतही तेव्हाचीच. आधीचा मित्रोपा कप म्हणजे हौशी संघांची किरकोळ स्पर्धा.’ हा मजकूर वारंवार फिरतो आणि त्यातला जवळपास प्रत्येक शब्द चुकीचा आहे.

मित्रोपा ही मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा; तिचे सामने १४ ऑगस्ट १९२७ ला सुरू झाले. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया या चार देशांचे प्रत्येकी दोन संघ त्यात होते. प्रत्येक फेरी, अगदी अंतिमसुद्धा, दोन लढतींची. पहिल्याच वर्षी स्पार्टा प्रागने रॅपिड व्हिएन्नाला घरी ६-२ हरवले, व्हिएन्नात १-२ अशी हार पत्करली आणि एकूण ७-४ ने कप नेला. परगावी केलेल्या गोलाला जादा वजन नव्हते. दोन लढतींचे एकूण गोल सारखे झाले की तिसरा सामना.

‘हौशी’ हा शब्द तर उलटाच. ऑस्ट्रियात १९२४, चेकोस्लोव्हाकियात १९२५ आणि हंगेरीत १९२६ मध्ये व्यावसायिक फुटबॉल आले. खेळाडूंचे पगार केवळ देशांतर्गत सामन्यांच्या तिकीटविक्रीतून भागेनात, म्हणून ऑस्ट्रियाचे फुटबॉल संघटक ह्यूगो माइझल यांनी ही स्पर्धा उभी केली. १९२९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी इटली आली, १९३४ मध्ये संघ १६ झाले.

ईर्षा किती होती ते १९३२ च्या उपांत्य फेरीत दिसते. स्लाव्हिया प्रागने युव्हेंटसला घरी ४-० हरवले. तुरिनमध्ये युव्हेंटस २-० ने पुढे असताना स्लाव्हियाचा गोलरक्षक प्लानिच्का याला प्रेक्षकांतून आलेला दगड लागला आणि संघ मैदान सोडून गेला. दोन्ही क्लब बाद झाले, आणि दुसरी उपांत्य लढत जिंकलेला बोलोन्या अंतिम सामना न खेळताच विजेता ठरला. मैत्रीच्या सामन्यात असे होत नाही.

युरोपियन कपाची कल्पनाही यूएफाची नव्हे, ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाची. पहिल्या वर्षीचे १६ क्लबही त्यानेच निवडले. म्हणून स्कॉटलंडचा विजेता ॲबरडीन नव्हे, तर पाचवा आलेला हिबर्नियन खेळला.

मित्रोपात इंग्लंड, स्पेन, फ्रान्स नव्हते, हे खरे. त्यामुळे युरोपियन कपाचा विस्तार मोठा होता, एवढेच म्हणता येते. ‘किरकोळ’ हा शिक्का मात्र पुढच्या काळातून आला असावा: १९५५ मध्येच पुन्हा सुरू झालेला मित्रोपा १९९२ पर्यंत चालला आणि १९८० च्या दशकात त्यात दुसऱ्या श्रेणीचे विजेते खेळत.