नुसते बांधकाम म्हणजे वाहतुकीची सोय नव्हे

‘रस्ते, बंदरे आणि विमानतळ बांधा, उद्योग आपोआप येतील’ हे विधान विकासाच्या चर्चेत इतक्या वेळा पुढे केले जाते की त्याला पुरावा मागावा, असे फारसे कुणाला वाटत नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ साधारणपणे चार मुद्दे मांडले जातात : सुविधा उभी राहिली की मागणी तयार होते, नवा रस्ता स्थानिक व्यवसायांच्या हिताचाच असतो, प्रवासाचे तास घटले की खर्च त्याच प्रमाणात घटतो, आणि एकदा मिळालेला हा फायदा कायम टिकतो. चांगल्या वाहतुकीमुळे एखाद्या प्रदेशातील व्यवसायांना मोठे बळ मिळते, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र कारखान्याच्या फाटकापासून ग्राहकाच्या दारापर्यंतची सगळी साखळी ठरल्या वेळी चालली, तरच ते बळ मिळते, आणि या चारही मुद्द्यांत नेमका त्याचाच विचार झालेला नाही.

पहिला मुद्दा सुविधेमागोमाग येणाऱ्या मागणीचा. कॅनडात माँट्रियलजवळचे मिराबेल विमानतळ 1975 मध्ये सुरू झाले, तेव्हा जमिनीच्या विस्ताराने ते जगातील सर्वांत मोठे विमानतळ होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणे तेथे नेण्यात आली, देशांतर्गत उड्डाणे मात्र जुन्या डॉर्व्हल विमानतळावरच राहिली, आणि शहराशी जोडणारा नियोजित जलद रेल्वेमार्ग कधी झालाच नाही. विमान बदलण्यासाठी प्रवाशांना एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावे लागे. 2004 मध्ये तेथील नियमित प्रवासी उड्डाणे बंद झाली. स्पेनमधील सिउदाद रिआल विमानतळावर एक अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला, पण 2012 मध्ये ते बंद पडले, आणि 2015 च्या लिलावात त्याला केवळ दहा हजार युरोंची बोली आली. मिराबेल पूर्णपणे वाया गेले, असे मात्र म्हणता येणार नाही. तेथे आज मालवाहतूक चालते, विमानांची जुळणीही होते. परंतु विमाननिर्मितीचे कसब माँट्रियल परिसरात आधीपासून होते. धावपट्टी त्याच्या उपयोगी पडली.

या मुद्द्याच्या समर्थनार्थ अमेरिकेतील मेम्फिसचे नाव हमखास घेतले जाते. ते उदाहरण खरे आहे, पण त्यातून निष्कर्ष वेगळा निघतो. 1973 मध्ये फेडरल एक्सप्रेस (आजची फेडेक्स) या पार्सल कंपनीने तेथून 14 विमानांनिशी 25 शहरांना जोडणारी रात्रसेवा सुरू केली, तेव्हा विमानतळ आधीच अस्तित्वात होते. नवे होते ते वेळापत्रक : संध्याकाळी उचललेले पार्सल रात्री मेम्फिसला येणार, तेथे शहरांनुसार वर्गवारी होणार आणि सकाळी दुसऱ्या शहरात पोहोचणार. ज्या व्यवसायाचे गोदाम या केंद्राजवळ आहे, तो इतरांपेक्षा कितीतरी उशिरापर्यंत ऑर्डर घेऊन दुसऱ्या दिवशी माल पोहोचवू शकतो. प्रदेशाचा फायदा म्हणतात तो हा, आणि तो एका चालत्या सेवेमुळे मिळाला.

दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यामुळे लहान उद्योजकांची दिशाभूल होते. रस्त्याने माल जातो तसा येतोही. खराब रस्त्यामुळे बाहेरचा मोठा उत्पादक आजवर ज्या बाजारपेठेपासून लांब राहिला होता, तिच्यात तो नव्या महामार्गावरून पहिल्याच महिन्यात उतरू शकतो. चीनमधील राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्याचा अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन फेबर यांनी केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांना जोडताना जे लहान परगणे ओघानेच या जाळ्यात आले, त्यांच्या औद्योगिक उत्पादनाची वाढ जाळ्याबाहेर राहिलेल्या परगण्यांच्या तुलनेत मंदावल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ रस्ता नको असा होत नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आपण काय विकणार, हे आधी ठरलेले असावे लागते.

या संदर्भात परतीच्या भाड्याचा विचार क्वचितच होतो. ट्रक भरून गेला आणि रिकामा परतला, तर वाहतूकदार दोन्ही फेऱ्यांचे डिझेल, टोल आणि चालकाचा पगार भरलेल्या फेरीवरच लावतो. त्यामुळे दोन्ही दिशांना माल असलेल्या साध्या रस्त्यावर टनामागे जे भाडे पडते, ते एकाच दिशेला माल असलेल्या उत्तम रस्त्यावरील भाड्यापेक्षा कमी असू शकते.

तिसरा मुद्दा तासांचा. समजा, एका कारखान्याला रोज 10 टन कच्चा माल लागतो. ऑर्डर दिल्यावर माल एरवी 4 दिवसांत येतो, पण कधीकधी 12 दिवस लागतात. उत्पादन थांबू द्यायचे नसेल, तर हातात 120 टन माल असतानाच पुढची ऑर्डर द्यावी लागते. आता नव्या रस्त्यामुळे नेहमीचे 4 दिवस 3 वर आले, परंतु वाईटातले वाईट 12 दिवस तसेच राहिले, तर तो आकडा 120 टनांवरच राहतो. उलट नेहमीचे 4 दिवस तसेच ठेवून वाईटातले वाईट 12 वरून 6 वर आणले, तर 60 टन पुरतात, आणि उरलेल्या 60 टनांत अडकलेले खेळते भांडवल मोकळे होते. व्यावसायिकाला वेगाहून भरवसा अधिक मोलाचा असतो, तो या हिशेबामुळे.

शिवाय हा उशीर पुष्कळदा रस्त्यावर होतच नाही. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील चिरुंडू येथे ट्रकला दोन्ही देशांची तपासणी स्वतंत्रपणे पार पाडावी लागे आणि रांगा दिवसेंदिवस हलत नसत. 2009 मध्ये तेथे एकत्रित सीमा चौकी सुरू झाली; ज्या देशात ट्रक शिरणार, त्याच बाजूला दोन्ही देशांचे अधिकारी बसू लागले आणि प्रतीक्षा लक्षणीयरीत्या कमी झाली. याच्या उलट अनुभव नेदरलँड्सचा. रॉटरडॅम बंदरापासून जर्मन सीमेपर्यंतचा सुमारे 160 किलोमीटरचा, केवळ मालगाड्यांसाठीचा बेटुवे रेल्वेमार्ग 2007 मध्ये खुला झाला, पण सीमेपलीकडे जर्मनीतील जोडमार्गावर तिसरी मार्गिका टाकण्याचे काम पुढे अनेक वर्षे रेंगाळले. अब्जावधी युरोंच्या त्या मार्गाची उपयुक्तता शेजारच्या देशातील अपुऱ्या तुकड्यावर अवलंबून राहिली.

फायदा कायम टिकतो, हा चौथा मुद्दा ऱ्हाइन नदीच्या खोऱ्याने खोटा ठरवला आहे. आणि वाहतुकीच्या सोयींबाबत त्या खोऱ्याइतका भाग्यवान प्रदेश शोधूनही सापडणे कठीण आहे. ऑगस्ट 2017 मध्ये जर्मनीतील रास्टाट येथे बोगद्याचे काम सुरू असताना वरचे रूळ खचले आणि उत्तर-दक्षिण मालवाहतुकीचा तो प्रमुख रेल्वेमार्ग सुमारे सात आठवडे बंद राहिला. पुरेशी क्षमता असलेला पर्यायी मार्ग जवळपास नव्हता. पुढच्याच वर्षी दुष्काळामुळे ऱ्हाइनवरील काउब येथील पाणीपातळी मोजपट्टीवर 25 सेंटीमीटरपर्यंत उतरली (हा मोजपट्टीवरचा आकडा, नदीची खोली नव्हे). मालवाहू नौका जेमतेम काही भार घेऊन चालू लागल्या, आणि लुडविग्सहाफेन येथील बीएएसएफ या रसायन कंपनीला उत्पादन कमी करावे लागले; तिला सुमारे 25 कोटी युरोंचा फटका बसला. नदीकाठची जागा हाच त्या कारखान्याचा सर्वांत मोठा लाभ होता. तो टिकवण्यासाठी कंपनीने पाणीपातळीचा आगाऊ अंदाज देणारी यंत्रणा उभी केली आणि उथळ पाण्यातही माल वाहू शकेल अशी खास टँकर नौका बांधून घेतली, जी 2023 मध्ये दाखल झाली.