शिक्षा वाढवून सावकारी थांबणार नाही

अवैध सावकाराला जन्मठेप द्या, अशी मागणी एका नेत्याने केली आहे. ती टाळ्या मिळवेल, वावर परत मिळवून देणार नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात कलम 39 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आजही आहे. अडचण पुराव्याची आहे. यवतमाळ-वाशीमकडे व्याज कागदावर येतच नाही. कर्जापोटी सरळ नोंदणीकृत खरेदीखत होतं, सोबत सही केलेला कोरा चेक. मग पोलीस ठाण्यात सांगतात, हा दिवाणी वाद आहे, आणि लोक तिथूनच परत फिरतात.

खरा उपयोग याच कायद्याच्या कलम 18 चा, सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याचा. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे (सहकारी संस्था) करायचा. खरेदीखताची नक्कल, फेरफार आणि जुने-नवे सातबारे जोडा. खरेदी होऊनही पेरा आणि ताबा शेतकऱ्याचाच, किंमत रेडी रेकनरपेक्षा (जमिनीच्या सरकारी दरापेक्षा) फार कमी, आणि त्याच सावकाराच्या चार खरेदीखतांवर तेच साक्षीदार, या तीन गोष्टी फार बोलक्या असतात. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होतो. चेक न वटल्याची नोटीस आली तर गप्प बसू नका, 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत लेखी उत्तर द्याच. आमदारांनी जन्मठेपेऐवजी एवढंच विचारावं: जिल्ह्यात कलम 18 चे किती अर्ज पडून आहेत, आणि किती दिवसांपासून?