वाम, काँगर आणि माझी चूक

नमस्कार काका,

'वाम म्हणजे खोल समुद्रातला काँगर' या माझ्या लेखातल्या वाक्यावर (दोन्ही सापासारखे लांबुळके मासे) तुम्ही लिहिलंत, "आमच्या डोल जाळ्यात खाडीच्या तोंडाशी वाम गावते. चार पुस्तकं वाचून आम्हाला समुद्र शिकवू नका. काँगर-बिंगर आपल्याकडे काही नाही, वाम ती वाम."

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. वाक्य आजच बदललं. आपल्या वामला इंग्रजीत 'इंडियन पाइक काँगर' म्हणतात आणि मी त्या शेवटच्या शब्दाला भुललो. खऱ्या काँगरांचं कुळ काँग्रिडी, वामचं म्युरेनेसॉसिडी. तुमचं वाचून परवा हर्णैला लिलाव पांगल्यावर एका मावशींच्या पाटीतली वाम नीट बघितली. मावशींनी जबडा फाकवून धरला. टाळूच्या मधोमध सुळ्यांची रांग! मी बोट पुढे केलं तशा ओरडल्या, "ती मेली असंल, दात जिते हायेत तिचे."

पण "काँगर आपल्याकडे नाही" हे कसं मान्य करू? मुंबईच्याच गोदीत बांधलेलं 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षण जहाज १८८९-९० च्या हंगामात अरबी समुद्राच्या तळाशी जाळं ओढत होतं. त्यावरचे डॉक्टर आल्कॉक माशांचे जाणकार. त्यांनी १८९० मध्ये एका काँगरची नोंद केली, प्रोमिलँटर पर्प्युरियस. पर्प्युरियस म्हणजे जांभळा. हा मासा राहतो १३५३ मीटरवर. तुमच्या मापात सांगायचं तर ७४० वाव! आपल्यासमोरचा उथळ पट्टा शंभरेक वावांवर संपतो आणि उतार लागतो. त्यापुढे साधारण हजार मीटरपर्यंत प्राणवायू अगदी कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. हा गडी त्याच्याही खाली. तिथवर ना तुमची डोल पोचते, ना कुणाचा ट्रॉलर. म्हणूनच त्याला आपल्याकडे नाव नाही. जो पाटीत आलाच नाही त्याचं बारसं कोण करणार?

तेव्हा वाम ती वाम, कबूल. काँगर मात्र आहे, फक्त आपल्या ताटात नाही. (ताटातल्या वामच्या शेपटीकडच्या काट्यांबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, ती पुन्हा कधी.)

आणि पुस्तकं चार नाहीत हो, दोनच आहेत. खाडीच्या तोंडाशी वाम कोणत्या महिन्यात जास्त गावते ते मात्र त्या दोन्हींत नाही. तुम्ही लिहून पाठवा, तुमच्याच शब्दांत लेखात घालतो.